मास्तरांचा कोल्हा

मास्तरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चपटा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. पेन लागलं की ते माझं घ्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्यांनी कुणाला हातात धरू दिला नाही. घरात नवी वस्तू आली की ती आधी उघडायची, आत काय आहे ते पाहायचं, पुन्हा बंद करायची आणि मगच वापरायला काढायची, असा त्यांचा शिरस्ता. भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं या परीक्षेतून गेलेलं. जावयानं ईदला दिलेला मोबाइलही गेला. तो मात्र परत जुळला नाही. त्याचे तुकडे त्यांनी लोणच्याच्या बरणीत ठेवले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते काहीही न लपवता दाखवायचे.

"झाकण काढून पाह्यलं नाई तं थे वस्तू आपली होतच नाई," ते म्हणायचे. "पाहुणी राह्यते घरात."

बाळापूरला बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटरची सद्दी संपली तेव्हा त्यांनी मशीन झाकून मागच्या खोलीत ठेवली आणि पुढे सहा कॉम्प्युटर मांडले. बोर्ड तोच राहिला, खाली फक्त 'इंटरनेट' एवढं रंगवून घेतलं. मुसलमान गिऱ्हाइकं त्यांना मास्टरसाब म्हणायची, आम्ही बाकीचे मास्तर. नावानं हाक मारताना मी त्यांच्या बायकोलाही ऐकलं नाही.

मी तिथे आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचो ती बंद पडली होती. त्या वर्षांत आमच्याकडे अशा बऱ्याच बंद पडल्या. बायको, दीड वर्षाचा मुलगा आणि भाड्याची खोली. मास्तरांनी माझं शिक्षण विचारलं नाही. एक माऊस माझ्या हातात दिला.

"उघड."

मी खालची चकती फिरवली, गोळी काढली, आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडला, गोळी शर्टाला पुसून परत बसवली.

"उद्यापासून ये," मास्तर म्हणाले.

त्या दिवसांत शेतीवरून लोकांचं मन पार उडालेलं होतं. गावागावांतून माणसं यायची आणि प्रत्येकाच्या पिशवीत मुलाची नाहीतर मुलीची मार्कशीट असायची. पोलीस भरती, डी.एड., नर्सिंग, आयटीआय. काहीही चालेल, पण वावरात नको. आमचा धंदा या फॉर्मांवर चालायचा. चॅटिंग करणारी कॉलेजची पोरं दुसऱ्या नंबरावर.

आता कोल्ह्याचं सांगतो.

तेव्हा इंटरनेट म्हणजे स्क्रीनवरचा निळा ई. त्यावर दोनदा दाबलं की इंटरनेट उघडायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक. एकदा एका शाळेच्या बाई मुलाचा निकाल पाहायला आल्या. पान उघडतं न उघडतं तोच नको त्या चित्रांच्या खिडक्या आपोआप उघडायला लागल्या. एक बंद केली की दोन नव्या. बाई उठून उभ्या राहिल्या. मास्तरांनी भिंतीतलं बटणच बंद केलं, सहाही मशीन एकदम झोपली. मग ते बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. बाई निघून गेल्या. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निळ्या ईचं झाकण कुठून उघडतं, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की ते उघडत नाही, कंपनी आतलं कुणाला दाखवत नाही.

"कोनालेच नाई?"

"कोनालेच नाई."

"मंग त्यात काय भरलं हाय थे आपल्याले कसं समजन?"

उत्तर त्यांना एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत सापडलं. त्यात एक फुकटचा ब्राउझर होता. चिन्ह म्हणजे पृथ्वीभोवती शेपटी गुंडाळलेला लाल कोल्हा. खिडक्या आपोआप उघडू देत नाही, हा त्याचा गुण मला भावला. मास्तरांना दुसराच भावला. मासिकात लिहिलं होतं की हा ओपन सोर्स आहे, याची आतली सगळी लिखावट, म्हणजे कोड, कुणीही उघडून वाचावी. मास्तरांनी तो परिच्छेद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग ती लिखावट उतरवून घ्यायला लावली. आमच्या लाइनवर दोन दिवस लागले. त्यातली एक फाइल उघडून ते चष्मा लावून दुपारभर स्क्रीनसमोर बसले.

"समजलं काय, मास्तर?" मी विचारलं.

"एक अक्षर नाई समजलं," ते म्हणाले. "पन दाखवते तं खरी!"

त्या फाइलचं पहिलं पान त्यांनी छापून घेतलं आणि फ्रेम करून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं. लोक विचारायचे, हे काय आहे? मास्तर म्हणायचे, कोल्ह्याचं पोट.

सहाही मशीनवरून निळा ई उडाला, तेव्हा आठवडाभर नुसता गोंधळ होता. माणूस खुर्चीत बसायचा, स्क्रीनकडे पाहायचा आणि ओरडायचा, "मास्तर, तुमचं इंटरनेट कोठी गेलं?"

"हाय न थेच. तो लाल दिसून राह्यला थो दाब."

"अरे बाप्पा, हा तं कोल्हा हाय!"

"मंग? निळ्या ईले काय शिंगं होते?"

समोरच्या सायबर कॅफेवाल्यानं चार दिवसांत बोर्ड लावला, 'आमच्या येथे ओरिजिनल इंटरनेट मिळेल'. मास्तर रस्ता ओलांडून गेले, बोर्ड वाचला, त्यातली एक वेलांटी चुकली होती ती त्याला सांगून आले. गिऱ्हाईक मात्र हळूहळू रुळलं. मशीन अडकेनाशी झाली होती, नको ती चित्रं उघडेनाशी झाली होती. त्या शाळेच्या बाई परत आल्या. मास्तरांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

काही साइट मात्र फक्त निळ्या ईमध्येच चालायच्या. अशी साइट दिसली की मास्तर मागच्या खोलीत जाऊन टाइपरायटरवरचं झाकण काढायचे आणि संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचे. 'आपले संकेतस्थळ सर्व दरवाजांतून उघडावे, ही नम्र विनंती.' कार्बन लावून, प्रत फाइलला. अशी सतरा पत्रं मी स्वतः पोस्टात टाकली. उत्तर एकाचंही आलं नाही. एक साइट पुढे आपोआप सुधारली, तर मास्तरांनी त्या प्रतीवर लाल शाईनं 'फत्ते' लिहिलं.

त्यांचे दोन नियम होते. गिऱ्हाइकांच्या पाच मशीनवर माणूस उठला की त्यानं काय पाहिलं ते सगळं त्याच्यासमोर पुसायचं. "दुसऱ्याच्या घरातलं बोलनं आपन ऐकाचं नाई." सहावं मशीन माझं, फॉर्म भरायचं. त्यातलं काहीही, कधीही पुसायचं नाही. कोल्हा उघडलेल्या पानांची यादी दिवसवार, वेळेसकट ठेवायचा. ती किती दिवस ठेवायची हा आकडा मास्तरांनी नऊशे नव्व्याण्णव करून ठेवला होता. "कोनाचा फॉर्म कोन्या टायमाले भरला, कोनी इचारलं तं दाखवता आलं पायजे."

आणि फॉर्म भरायची त्यांची रीत ठरलेली. एक माणूस, एक पान. ज्याचा फॉर्म तो शेजारच्या स्टुलावर बसलेला हवा. सगळं भरून झालं की त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, तो हो म्हणाला की मगच बटण दाबायचं. पावती त्याच्या हातात पडल्याशिवाय दुसऱ्याचं पान उघडायचं नाही. मला हे फार रटाळ वाटायचं. कोल्ह्यात एकाच खिडकीत शेजारी शेजारी चार पानं उघडायची सोय होती, निळ्या ईला ती नव्हती. ती सोय असून वापरायची नाही म्हणजे मोठी बैलगाडी जुंपून एकच पोतं न्यायचं, असं मी मास्तरांना एकदा म्हणालोही. ते म्हणाले, "एकच ने. पन पोचव."

नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. तेव्हा लोडशेडिंग होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळी पाचला लाइट जायची ती सातला यायची, इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली आणि फॉर्मची मुदतही पाचपर्यंतच. मास्तर बायकोचे डोळे दाखवायला अकोल्याला गेले होते. माझ्यासमोर रांग होती. पावणेपाचला दोन मुली उरल्या. पहिली तिच्या वडिलांबरोबर आलेली, बाळापूरपासून सात किलोमीटरवरच्या गावची. चौऱ्याऐंशी टक्के. मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. दुसरी तिच्या भावाबरोबर होती आणि भाऊ सारखा घड्याळ पाहत होता.

साइट कूर्मगतीनं चालत होती. पहिल्या मुलीचं पान फिरत बसलं, तेवढ्यात मी शेजारी दुसरीचं उघडलं. हिचं एक कलम, तिचं एक कलम, असं करत दोन्ही भरली. वाचून दाखवलं नाही. दोन्हींवर बटण दाबलं. दुसरीची पावती निघाली. पहिलीची निघायच्या आत लाइट गेली.

"झाला काय, भाऊ?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"झाला," मी म्हणालो. "पावती उद्या घेऊन जा."

मुलगी हसली. मला ते हसणं अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन पाहिलं. तिचा अर्ज कुठेच नव्हता. दोन-तीनदा पाहिल्यावर मला कळलं. एकाच ब्राउझरमध्ये शेजारी उघडलेल्या दोन मुली त्या साइटच्या लेखी एकच होत्या. दुसरीचं नंतर पोचलं, त्यानं पहिलीचं पुसून टाकलं. मुदत संपली होती.

अकराला वडील पावती घ्यायला आले. मुलगी बरोबर होती. मास्तर गल्ल्यावर होते, आणखी पाचसहा गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "फॉर्म गेला नाई, काका. हे कोल्ह्यानं केलं. त्या साइटले हा ब्राउझर चालत नाई. मी मास्तरायले सांगतलं होतं."

शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपल्या मनानं जोडलं. नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं आहे. पण भीतीपोटी माणूस गप्पही बसू शकतो. मी बोललो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि मुलीच्या वडिलांसमोर उभे राहिले, त्या शाळेच्या बाईंसमोर हात जोडून राहिले होते तसेच.

"गलती माही हाय," ते म्हणाले.

त्याच दिवशी ते त्या बाप-लेकींना घेऊन एसटीनं अमरावतीच्या कार्यालयात गेले. मुदत संपली म्हणजे संपली, एवढंच उत्तर मिळालं. संध्याकाळी परत आले ते सरळ घरी गेले.

दोन दिवसांनी निरोप आला की मुलीचा आतेभाऊ अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो, तो उद्या मशीन तपासायला येणार आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. यादी होती ना. दोन मुलींची पानं, एकाच मिनिटाला. ज्याला थोडं कळतं त्याला सगळंच कळलं असतं. सकाळी मी कामावर आलो तर मास्तर आधीच सहाव्या मशीनवर बसलेले. मला पाहून म्हणाले, "अकोल्याले जा. प्रिंटरची शाई संपली."

शाई संपलेली नव्हती. पण मी गेलो. दिवसभर अकोल्यात हिंडलो, आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत. संध्याकाळी परतलो तर समोरचा कॅफेवालाच रस्त्यात भेटला. "तुमचा कोल्हा येडा निघाला म्हंते," तो म्हणाला. "थ्या पोरानं तपासून सांगतलं."

मी सुटलो होतो. कसा, ते मी स्वतःला विचारलं नाही. नशीब म्हणालो.

आत मास्तर एकेक मशीनवर निळा ई परत बसवत होते. गल्ल्यामागची फ्रेम उतरवलेली होती, भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा दिसत होता.

"मास्तर, काहून काढून राह्यले?" मी विचारलं.

"लोकायचा भरोसा उडाला," ते म्हणाले. "दुकान तं चालाले पायजे. तुलेही घर हाय."

त्यानंतर दोन वर्षं मी तिथे होतो. मास्तरांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. स्क्रू-ड्रायव्हर खिशात असायचा, पण नवी वस्तू उघडताना मी त्यांना पाहिलं नाही. फॉर्म भरताना मी एक माणूस, एक पान पाळायचो. मोठ्यानं वाचून दाखवायचो. ते ऐकायचे.

मग मला अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. निघताना त्यांनी सहावं मशीन माझ्या स्वाधीन केलं. "आता जुनं झालं. लेकराले शिकाले होईन."

मशीन घरात मुलाच्या खेळात राहिलं. एका रविवारी ते हळू चालतं म्हणून मी आतलं काय काय काढता येईल ते पाहत होतो. कोल्हा एका कोपऱ्यात तसाच होता. मी त्याची यादी उघडली. कोल्हा बसवला तेव्हापासूनचं सगळं त्यात होतं. पोलीस भरती, डी.एड., निकाल, तारीख आणि वेळेसकट. नर्सिंगच्या शेवटच्या दिवसाच्या आदला दिवस होता. नंतरचा दिवस होता, त्यात मी सकाळी घाबरून तेच तेच पान उघडलेलं. मधला दिवस नव्हता. त्या एका दिवसाची सगळी पानं कुणीतरी वेचून काढलेली होती.

त्या मशीनला मी आणि मास्तर सोडून कुणी हात लावत नसे.

म्हणजे ते सकाळी बसले होते ते यासाठी. त्यांनी पाहिलं होतं, त्यांना कळलं होतं आणि त्यांनी पुसलं होतं. त्या आतेभावाला त्या दिवसाची यादी कोरी दिसली, म्हणून त्यानं ब्राउझरच येडा ठरवला. आपला कोल्हा त्यांनी आपल्या हातानं खोटा पाडला.

लगेच बाळापूरला जायला हवं होतं. मी तीन वर्षांनी गेलो, ईदच्या दिवशी. मास्तरांचा कॅफे बंद झाला होता, मोबाइलनं सगळ्यांचेच बंद केले होते. मास्तर ओसरीत बसले होते. त्यांनी शीरखुर्मा दिला. मी वाटी अर्धी केली तेव्हा त्यांनी विचारलं, "मशीन चालते काय?"

"चालते."

"उघडून पाह्यली?"

"पाह्यली," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "पोरीले सांगतलं काय?"

मी मान हलवली. नाही.

"मले वाटलं तू सांगशीन. म्हनून तं म्या थे मशीन तुले देल्लं." ते रागावलेले नव्हते, फक्त थकलेले होते. "म्या पुसलं, राजा. पन तुह्या तोंडचं म्या कसं सांगू?"

सांगतो, म्हणालो. आणि सांगितलं नाही. आणखी सहा वर्षं नाही. मुलगा मोठा झाला, कॉलेजात जायला लागला, मी हेडक्लार्क झालो. मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. मी मातीला गेलो होतो. परतताना पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर पाहत बसलो, पण बाहेरचं काही दिसलं नाही.

उन्हाळ्यात तिचा पत्ता काढला. अकोल्यात असते. त्या वर्षी फॉर्म राहिला, पुढच्या वर्षी भरलाच नाही, त्याच्या पुढच्या वर्षी लग्न. आता घरी शिवणकाम करते, दोन मशीन आहेत. तिनं दार उघडलं आणि मला ओळखलं.

"तुमी कॅफेवाले ना? बसा."

मी बसलो आणि सगळं सांगितलं, या लेखात सांगितलं त्याच क्रमानं. कुठे थांबलो नाही. तिच्या हातात ब्लाऊजचं कापड होतं, ते तिनं मांडीवर ठेवलं.

"म्हंजे मास्तरची काहीच चूक नव्हती?" तिनं विचारलं.

"नव्हती."

"पुढच्या साली आले होते थे, आमच्या गावाले. भर उन्हात, पायी. फाट्यावरून गाडी भेटली नसन. नवा फॉर्म घेऊन आले होते. म्हनाले, मी सोता भरतो, पोरगी बाजूले बसन, वाचून दाखवतो. बाबा म्हनाले, तुमच्या दुकानाची पायरी आता चढाची नाई." ती कापडाची किनार बोटांनी सरळ करत होती. "अर्धा घंटा ओट्यावर बसले. मंग उठून गेले."

तिनं कापडाची घडी घातली.

"मी दारातच उभी होती," ती म्हणाली. "आमी त्यायले पानीही नाई इचारलं."

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी आल्याआल्याच तिनं आणून ठेवला होता.